खरा कागद लेकीच्या घरी

कृष्णरावांनी जे केलं त्याला सिहोऱ्यात कोणी चूक म्हटलं नसतं. म्हणणारा एकच निघाला, आणि तो त्यांचा धाकटा मुलगा तेजराम, गावच्या शाळेतला मास्तर. गुरुवारी दुपारी शाळेतून आल्या आल्या त्याने टिनाची पेटी उघडली, मुलीच्या, चंद्रकांताच्या, बारावीच्या मार्कांचा कागद काढायला हात घातला, तर हाताला नुसत्या नकला लागल्या. तुमसरला टाइप करून आणलेल्या, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याच्या, छान घडी घातलेल्या नकला. बोर्डाचा मूळ कागद कुठेच नव्हता. त्याने पेटी खाटेवर उपडी केली. त्याच्या बायकोने, वच्छलाने, एकेक वस्तू गुपचूप परत आत ठेवली आणि सगळं आवरून झाल्यावर सांगितलं की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, विचारून बघा.

कृष्णराव छपरीत बसून अंबाडीची दोरी वळत होते. त्यांनी काहीएक लपवलं नाही. उलट कोणी विचारलं याचा त्यांना आनंदच झाला.

"थो कागद तं मी शकुंतलाच्या घरी धाडला," ते म्हणाले. "आपला गडी डोमा चिखल्याले जाऊन रायला होता, त्याच्या हाती. चारी कोपऱ्याले हळद-कुकू लावलं, अक्षता ठेवल्या अन् धाडला."

"बा, नक्कल धाडाची होती ना."

"लेकीच्या घरी नक्कल धाडते का कोणी? नक्कल सरकारले द्या. सरकारले का समजते."

या घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि दुसरी लेकीच्या घरी पाठवायची, ही रीत. शकुंतला कृष्णरावांची सगळ्यांत थोरली, चिखल्याच्या मँगनीज खाणीत टाइमकीपर असलेल्या नत्थूला दिलेली. नातीच्या लग्नाला अजून अवकाश होता. पण तिने सायन्स घेऊन बारावीला तुमसरच्या सगळ्या मुलींत पहिला नंबर काढला, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या लेखी लग्नाहून लहान नव्हती. मग मान कोणाचा, तर लेकीचा. आणि मानाच्या घरी टाइप केलेली नक्कल कोणत्या तोंडाने पाठवायची? त्यांनी पेटीतून गोल शिक्क्याचा जाड कागद बरोबर शोधून काढला आणि रीतीप्रमाणे रवाना केला. तेजरामने कपाळाला हात लावला. म्हातारा दोरी वळत राहिला.

कपाळाला हात लावण्यासारखंच होतं ते. कागद एक होता आणि जागा दोन. भंडाऱ्याच्या डी.एड. कॉलेजच्या यादीत चंद्रकांताचं नाव लागलं होतं, तेही चांगलं वर. येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत मूळ मार्कशीट त्यांच्या हवाली केली की जागा पक्की. दोन वर्षांनी पोरगी मास्तरीण, पुढे जिल्हा परिषदेची नोकरी, जन्माची काळजी मिटली. मात्र दिलेला कागद शिक्षण संपेपर्यंत कॉलेजच्या कपाटात राहायचा, असा नियमच होता. दुसरी जागा म्हणजे नागपूरचं मेडिकल कॉलेज. तिथे अर्जाबरोबर नक्कल चालून गेली होती. पण यादी लागणार ऑगस्टमध्ये, आणि नाव लागलंच तर ठरल्या दिवशी मूळ कागद हातात घेऊन उभं राहायचं. कागद नसेल तर खालच्या नावाला बोलावणार. म्हणजे भंडाऱ्याला कागद दिला की नागपूर संपलं, आणि नागपूरसाठी राखून ठेवला की भंडारा हातचा गेला.

तेजरामने आपल्यापुरतं ठरवून टाकलेलं होतं. शनिवारी सकाळच्या गाडीने पोरीला घेऊन निघायचं, भंडाऱ्याला कागद द्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं. कोणाला विचारायचं नाही, कारण या घरात विचारणं म्हणजे मोहोळाला दगड मारून खाली उभं राहणं. पण आता कागद चिखल्याला जाऊन बसला होता. डोमाला लगोलग परत पाठवला, तरी तो शुक्रवारी दुपारच्या आत येत नव्हता. तेवढ्या वेळात घरातल्या प्रत्येकाला मत फुटलं.

पहिलं मत थोरल्या भावाचं, सुखरामचं. तो शेती बघायचा आणि शिकल्यासवरल्या गोष्टींत सहसा पडायचा नाही, पण जेवताना त्याने निकाल देऊन टाकला की भंडारा बरा. सकाळी गेलं तर संध्याकाळी घरी येता येतं, पोरगी डोळ्यांसमोर राहते. नागपुरात आपलं कोण आहे, असा त्याचा सवाल. त्याची बायको सुलोचनाबाई हे ऐकून भाकरी थापता थापता थांबली. तिचे दोन्ही मुलगे नववीच्या पुढे सरकले नव्हते, त्यामुळे चंद्रकांताला तिने लहानपणापासून आपलीच धरली होती. ती म्हणाली, सिहोऱ्याच्या बायकांनी आपलं दुखणं कोणाला दाखवावं, हे तुम्हा गड्यांना कळायचं नाही. घरात डॉक्टरीण होत असेल तर मास्तरीण कशाला करता? मास्तर एक आहे तेवढा पुरे. तेजरामने खाली मान घालून भात संपवला. वच्छला वाढत होती. मागाहून बायका जेवायला बसल्या तेव्हा तिने सुलोचनाबाईच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वरण वाढलं, आणि ते तेजरामने पाहिलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत सुखराम आणि सुलोचनाबाई एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले. सुखराम पानठेल्यावर गेला होता. तिथे कोणीतरी त्याला 'डॉक्टरीणबाईचे मोठे बाबा' म्हणून तंबाखू दिला. ते शब्द त्याला फारच रुचले आणि घरी येईपर्यंत तो पक्का नागपूरवाला झाला. इकडे सुलोचनाबाईने रात्रभर बोटांवर हिशोब केला होता. डॉक्टरीण व्हायला वर्षं किती, तोवर पोरगी केवढी होणार, आणि एवढ्या शिकलेल्या पोरीला आपल्यात नवरा कुठून आणायचा. सकाळी तिने तेजरामला गोठ्याजवळ गाठून सांगितलं की भावजी, तुमचंच बरोबर, भंडाऱ्यालाच न्या. तेजरामला हसू आलं. आपल्या बाजूला कोणीतरी आलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण तसा तो झाला नाही.

कारण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्याने कोणालाही सांगितली नव्हती. नागपूरला अर्ज द्यायला तो चंद्रकांताला घेऊन गेला, तेव्हा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर गेल्या वर्षीची यादी अजून तशीच लटकत होती. पोरीला त्याने पाणी प्यायला नळावर पाठवलं आणि तेवढ्यात यादीचा शेवट वाचून घेतला. ती जिथे थांबली होती, तिथून चंद्रकांता एका मार्काने खाली होती. एकाच मार्काने. यंदा यादी कुठे थांबेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. दोन मार्क खाली येईल नाहीतर चार वर जाईल. परतताना गाडीत पोरगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि तो थेट सिहोऱ्यापर्यंत मनातल्या मनात तो एक मार्क कुठल्या पेपरात सापडला असता ते शोधत बसला.

वाट बघणं म्हणजे काय ते तेजरामला चांगलं माहीत होतं. मॅट्रिक झाल्यावर त्याने रेल्वेची परीक्षा दिली होती आणि मग अख्खं वर्ष पोस्टमनची वाट बघितली होती. गावात जो भेटेल तो विचारायचा. शेवटी विचारणंही बंद झालं, ते अधिक वाईट होतं. त्या वर्षी कृष्णराव एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त पोरगा दिसला की आपली वाट बदलायचे. मास्तरकी मिळाली तेव्हा कुठे बाप-लेक समोरासमोर बसून जेवले. आपल्यावर ते आलं आणि गेलं, याचं त्याला काही नव्हतं. पण चंद्रकांता त्या वाटेवर उभी आहे आणि आपण तिच्यासमोरून वाट बदलून चाललो आहोत, हे त्याला स्वप्नातसुद्धा नको होतं.

दुपारच्या गाडीने डोमा आला आणि त्याच्याबरोबर शकुंतलाबाई स्वतः आली. पिशवी डोमाच्या डोक्यावर, कागद तिच्या हातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रुमालात बांधलेला. डोमाने वाटेत तिला सगळी कथा सांगून टाकलेली होती, हे ती ज्या चालीने अंगणात शिरली त्यावरूनच समजलं. तेजराम पुढे झाला आणि कागद घ्यायला हात केला. शकुंतलाबाईने रुमालावर हात ठेवला.

"पह्यले चहा पाज," ती म्हणाली. "मंग कागद."

थोरल्या बहिणीपुढे तेजरामचं लहानपणापासून काही चालत नसे. त्याने वच्छलाला चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत शकुंतलाबाईने चिखल्याच्या बातम्या सांगितल्या. कागद आला त्या दिवशी तिने तो देवापाशी ठेवला. शेजारणीला दाखवला, तिने तिच्या शेजारणीला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या बायका रांगेने येऊन गेल्या. खाणीवर कामाला जाणाऱ्या बायकांनी हात धुऊन कागदाला हात लावला आणि तोच हात आपापल्या पोरींच्या डोक्यावरून फिरवला. कागद मळला थोडा, असं ती म्हणाली, पण त्यात खंत कुठे दिसली नाही. कृष्णराव दोरी बाजूला ठेवून ऐकत होते. त्यांनी तेजरामकडे असं पाहिलं की आता सांग, चूक कोणाची होती.

चहा पिऊन झाल्यावर शकुंतलाबाईने बशी खाली ठेवली.

"आता सांगा. कागद कोठी चालला?"

सगळे एकदम बोलायला लागले. सुखराम नागपूर, सुलोचनाबाई भंडारा. मग सुखरामने बायकोला आठवण करून दिली की काल तूच उलट बोलत होतीस, आणि तिने त्याला तीच आठवण करून दिली. कृष्णराव म्हणाले की दोन्हीकडे नक्कल द्या आणि खरा कागद घरी ठेवा, घरची वस्तू घरी बरी. शकुंतलाबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग तिने इकडेतिकडे पाहिलं.

"पोरगी कोठी हाये?"

पोरगी पऱ्हे काढायला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेली होती. उद्या त्यांच्या मोठ्या बांधीत रोवणा होता, आणि धानाची रोपं आज उपटून त्यांच्या पेंड्या बांधून ठेवायच्या होत्या. ज्या पोरीच्या कागदासाठी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, तिला कोणी विचारलं नाही, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. सुखराम खाकरला. सुलोचनाबाईने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. डोमाला पाठवून चंद्रकांताला बोलावून घेतलं. ती आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात, लुगड्याचा काचा मारलेला, अंगणातच उभी राहिली. वर ये म्हटलं तर छपरी मळेल म्हणाली.

"चंद्रे, तुह्या मनात का हाये?" शकुंतलाबाईने विचारलं.

चंद्रकांताने बापाकडे पाहिलं. तेजरामला वाटलं, आता बोललो नाही तर पोरगी नागपूरचं नाव घेईल आणि मग तिला अडवणं जिवावर येईल. पोटातली गोष्ट त्याने बाहेर काढली. ती सांगताना शाळेत नापास मुलाच्या बापाला समजावतो तसा त्याचा आवाज झाला, ते त्याचं त्यालाच जाणवलं. गेल्या वर्षीची यादी मी पाहिली आहे, तो म्हणाला. एक मार्क कमी पडतो. म्हणून मी भंडारा म्हणतो आहे, दुसरं काही नाही.

सुखरामचा चेहरा उतरला. पानठेल्यावरचा तंबाखू इतक्या लवकर कडू होईल असं त्याला वाटलं नसावं. सुलोचनाबाई जागची उठली आणि पोरीजवळ जाऊन उभी राहिली.

"मले माहीत हाये बाबा," चंद्रकांता म्हणाली.

"का माहीत हाये?"

"एक मार्काचं. तुमी मले नळावर धाडलं, तवा नळाले पाणी नवतं. मी तशीच वापस आली. तुमी यादी वाचून रायले होते, मी तुमच्या मांगं उभी होती. तुमी सांगितलं नाई, म्हून मी बी नाई सांगितलं. तुमाले वाईट वाटलं असतं."

म्हणजे त्या गाडीत पोरगी झोपलेली नव्हती, तेजरामच्या मनात आलं. डोळे मिटून पडली होती. दोघंही एकाच मार्काचा विचार करत नागपूरहून सिहोऱ्यापर्यंत आले आणि दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. त्याला तिचा रागही आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि भरल्या घरात यातलं काहीच करता येत नव्हतं.

शकुंतलाबाईने रुमाल सोडून कागद पुढे केला. ज्याचा आहे त्यानेच ठरवावं, असं तिचं म्हणणं. चंद्रकांताने दोन्ही हात दाखवले, चिखलाने भरलेले.

"आत्या, मायजवळ द्या," ती म्हणाली. "मी रातभर सोचतो अन् उद्या सांगतो."

तसा तो कागद वच्छलाकडे गेला. या सगळ्या प्रकरणात जिने अजून आपलं मत दिलं नव्हतं, तिच्या हातात. तेजरामला बहिणीचा डाव कळला नाही, बायकोचा तर त्याहून नाही. संध्याकाळभर सुलोचनाबाई, शकुंतलाबाई आणि वच्छला चुलीपाशी एकत्र बसल्या होत्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. सकाळी आपल्या बाजूला असलेली वहिनी आता कोणाच्या बाजूला आहे, हे विचारायला जाण्यात काही अर्थ नव्हता.

शनिवारी सकाळी तेजरामने अंघोळ केली, धुतलेला पायजमा-सदरा घातला आणि वच्छलाकडे कागद मागितला. तिने लगेच दिला. कागदाबरोबर छत्रीही दिली. तिच्या तोंडावर काही दिसेना. चंद्रकांता तयार झाली का, असं त्याने विचारलं.

"थे कवाचीच बांधीत गेली," वच्छला म्हणाली. "दिवस निघाच्या आंधी गेली."

"आज गाडीनं जाचं हाये, अन् थे बांधीत?"

वच्छलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ती फार बोलणारी बाई नव्हती, आणि तिने जे सांगायचं ते दारात उभं राहूनच सांगितलं. रात्री पोरगी माझ्याजवळ झोपली होती, ती म्हणाली. मला म्हणाली, माय, मी भंडाऱ्याला नाही म्हटलं तर बाबा मानतील, पण मनातून तुटतील. मी हो म्हटलं तर मी तुटेन. सांग, मी काय म्हणू?

"मंग तू का म्हटलं?"

"मी म्हटलं, मले नको इचारू. तुह्या बापाले इचार. बाप हाये थो, मास्तर नाई."

तेजराम छत्री घेऊन निघाला. बसस्टँडकडे जाण्याऐवजी तो बांधीच्या वाटेला लागला. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. मोठ्या बांधीत सुखरामने सकाळीच चिखल करून ठेवला होता आणि बायका ओळीने वाकून रोवत होत्या. शकुंतलाबाईही त्यांत होती, कालच पाहुणी आलेली, कोणीतरी दिलेलं जुनं लुगडं नेसून. ओळीच्या टोकाला चंद्रकांता. तेजराम धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभा राहिला. धुतलेल्या कपड्यांत, बगलेत छत्री, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बायकांनी त्याला पाहिलं आणि त्यांचं गाणं आपोआप थांबलं.

चंद्रकांता हातातली पेंडी संपवून धुऱ्याजवळ आली. वर चढली नाही, चिखलातच उभी राहिली.

"गाडीची येळ झाली, चंद्रे."

"माहीत हाये." तिने हाताच्या पाठीने कपाळावरचे केस मागे सारले. "बाबा, एक इचारू? कागद आपण भंडाऱ्याले देला, अन् मंग नागपूरच्या यादीत माहं नाव लागलं, तं तुमी मले सांगान का?"

तेजरामने तोंड उघडलं. वर्गात इतकी वर्षं उभं राहून त्याने मुलांच्या नाही नाही त्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. हो म्हटलं तर ते खोटं ठरलं असतं, आणि नाही म्हटलं तर मग इथे धुऱ्यावर उभं राहण्याला काही अर्थ उरत नव्हता.

"नाई सांगणार," तो शेवटी म्हणाला. "माह्याच्यानं नाई होणार."

"मंग मी जिंदगीभर तुमच्या तोंडाकडे पाहून सोचत राहीन, का नाव होतं का नवतं. अन् तुमी माह्याकडे पाहानार नाई."

बापाने वाट बदलणं म्हणजे काय, हे या पोरीला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तेजरामने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग जे बोलायचं नव्हतं तेच तो बोलला. आवाज खाली, तिच्यापुरता.

"नाव नाई लागलं तं तू रडशीन. तुले रडताना मले पाहावत नाई, चंद्रे. एवढीच गोष्ट हाये. बाकी डी.एड. अन् नोकरी सगळं मी उगाच बोलून रायलो."

चंद्रकांताला हसू आलं. एवढ्यातही आलं.

"रडीन की. दोन दिवस रडीन. मंग पुढच्या साली भंडाऱ्याची यादी लागतेच ना? थे काय कोणी खाऊन टाकते?"

तेजरामला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण एक वर्ष वाया, एक वर्ष लोकांचे प्रश्न, आणि पुढच्या वर्षी यादीत एवढं वर नाव लागेलच असं कोण सांगणार? हे सगळं तो मनात मांडत असतानाच रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. भंडाऱ्याची गाडी होती. कंडक्टर तुलाराम तेजरामच्याच शाळेत शिकलेला. गुरुजी आज पोरीला घेऊन भंडाऱ्याला जाणार, हे त्याला कोणाकडून तरी कळलं होतं, आणि स्टँडवर दोघं दिसली नाहीत म्हणून त्याने गाडी सरळ बांधीसमोर उभी केली होती. तो दारात लोंबकळून हाक मारत होता की गुरुजी या, दोन सिटा धरून ठेवल्या आहेत. खिडक्यांमधून गाडीभर माणसं बघत होती. बांधीत सगळ्या बायका पाठ सरळ करून उभ्या राहिल्या. नांगराजवळ उभा असलेला सुखराम, शकुंतलाबाई, सुलोचनाबाई, सगळे. दोन दिवस ज्यांना मतांचा पूर आला होता, ते सगळे आता तेजरामच्या तोंडाकडे बघत होते.

तेजरामने पोरीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने नवी पेंडी उचलली होती आणि तिची गाठ सोडत होती, पण गाठ काही सुटत नव्हती. तिने अजून एकदाही म्हटलं नव्हतं की मला नागपूरला जायचं आहे. तिने फक्त प्रश्न विचारले होते. गाडीने परत हॉर्न दिला.

तेजरामने हात वर केला.

"तू जाय, तुलाराम," तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "आमाले नागपूरच्या गाडीनं जाचं हाये."

तुलारामला काही कळलं नाही, पण गुरुजींनी सांगितलं म्हणजे सांगितलं. त्याने दोनदा घंटी मारली आणि गाडी धूर सोडत वळणाआड गेली. बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. सुलोचनाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली की मी आधीपासून हेच म्हणत होते. सुखरामने मान हलवून त्यालाही दुजोरा दिला.

चंद्रकांता पेंडी हातात धरून तशीच उभी होती आणि रडत होती. खांदे हलत होते, तोंडावरून चिखलाचे ओघळ वाहत होते, आणि ती ते पुसतही नव्हती. तेजरामने कागद छत्रीत गुंडाळून धुऱ्यावर ठेवला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि तिच्याजवळ चिखलात उतरला. तिच्या हातातून पेंडी घेऊन त्याने गाठ सोडली आणि अर्धी रोपं तिला दिली. ती अजून रडतच होती. तेजराम तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्याने ते बघवलं.